वादळानंतर घर-अंगणातला पसारा: निवडायचा कसा, लावायचा कुठे

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात काही तासांत छपरं उडाली, वाड्या (घराभोवतीच्या नारळ-सुपारीच्या बागा) आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनारा घासत वर गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळा घरचा, शेजाऱ्यांचा आणि मुंबईकरांच्या बंद घरांचा पसारा काढण्यात हातभार लावला. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. गावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी, किंवा घर कोकणात आणि स्वतः पुण्या-मुंबईत अशांसाठी हे मुख्यतः आहे. जुन्या जाणत्यांना यातलं बरंच ठाऊक असतं, पण वादळानंतरच्या सकाळी त्यांनाही सुचत नाही.

मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: जिथे पडलंय तिथेच निवडा, मग उचला. घाईघाईने सगळं ओढून अंगणाच्या कोपऱ्यात एक डोंगर केला की तो डोंगर तिथेच राहतो. कौलं, काचा, पत्रे, झावळ्या, भिजलेली गादी, तुटकी ट्यूबलाईट एकत्र झाली की भंगारवाला त्यात हात घालत नाही, घंटागाडी घेत नाही, आणि डंपरवाला "टाकू कुठे?" विचारून निघून जातो. वर आपल्याकडे वेळ कमी असतो. निसर्गनंतर जेमतेम आठवडा गेला आणि ११ जूनला मोसमी पाऊस राज्यात पोहोचला. पाऊस लागला की तोच ढीग विंचवा-सापांचं घर होतो.

काय काय हाताशी हवं

- गमबूट, किंवा निदान जाड तळव्याचे बूट. चपला नकोतच. रिपांमधले (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांमधले) उलटे खिळे चपलेतून आरपार जातात.
- चामड्याचे हातमोजे आणि एन-९५ मास्क. कापडी रुमाल धुळीला पुरत नाही.
- कोयता, कुऱ्हाड, पहार, फावडं, घमेली, काथ्याचा किंवा नायलॉनचा जाड दोर
- खिळे उपटायला पकड आणि हातोडी, शिवाय काढलेले खिळे टाकायला पत्र्याचा डबा
- ताडपत्री, जाड प्लास्टिकचा कागद, चिकटपट्टी, रिकामी पोती
- चुन्याची पिशवी
- खडू किंवा रंग, ढिगांवर खुणा करायला
- चार्ज केलेला मोबाईल आणि पॉवर बँक

झाडं कापायचा, पेट्रोलवर चालणारा कटर गावात एखाद-दुसऱ्याकडेच असतो आणि वादळानंतर त्याला क्षणाची उसंत नसते. चार घरांनी मिळून नंबर लावा. कधी चालवला नसेल तर उसना आणून स्वतः चालवायला जाऊ नका.

१. घरात शिरण्याआधी

मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण लाईट गेलेली असली तरी घरातल्या वायरिंगमध्ये त्याचा प्रवाह असतो. छपरावर सोलर पॅनल असेल तर तो फुटलेला असला तरी उजेडात वीज तयार करतच राहतो, त्याला इलेक्ट्रिशियनखेरीज कुणी हात लावू नये. जमिनीवर पडलेली किंवा झाडात अडकलेली तार मेलेलीच आहे असं कधीही धरू नका. गावाची लाईन बंद असली तरी कुणीतरी जनरेटर लावतो आणि उलटा प्रवाह येतो. महावितरणचा १९१२ हा क्रमांक लागला तर ठीक, नाहीतर वायरमनला निरोप पाठवा आणि तोवर तिथे दोर बांधून वाट अडवा.

गॅसचा वास येत असेल तर सिलिंडर बंद करून दारं-खिडक्या उघडा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. मग बाहेरून घराला एक फेरी मारा. आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) वाकलंय का, भाल (तुळई) भिंतीतून सुटलाय का, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला तिरकी चीर गेली आहे का, ते पाहा. मातीच्या भिंतीचं विशेष जपा. छप्पर उडून ती रात्रभर भिजली असेल तर सकाळी उभी दिसते आणि दुपारी ऊन पडल्यावर बसते. अशा भिंतीच्या उंचीइतकं अंतर सोडूनच काम करा.

२. पसाऱ्याला हात लावण्याआधी फोटो आणि पंचनामा

नवखी माणसं हीच पायरी गाळतात. घर आवरलं, अंगण झाडलं, मग तलाठी आले (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी) आणि समोर नुकसान दिसेना. मग नोंदही कमीच होते.

फोटो असे काढा: आधी लांबून, घर आणि आजूबाजूची ओळख पटेल असा. मग घराच्या चारही बाजूंनी. मग प्रत्येक खोली, आणि शेवटी एकेक मोडलेली वस्तू. मोबाईलमधलं लोकेशन चालू ठेवा. एका फोटोत घर क्रमांकाची पाटी आणि घरमालक दोन्ही येऊ द्या. वाडीत पडलेली झाडं मोजा, आणि माड (नारळ), पोफळी (सुपारी), आंबा, काजू यांची वेगवेगळी यादी लिहून काढा. पोफळीचं झाड पडलं की बुंध्यावर खडूने आकडा घालत जा. पंचनाम्याला आलेल्या माणसाला दिवसात शेकडो वाड्या बघायच्या असतात, तुमची मोजणी तयार असेल तर ती पडताळणं त्यालाही सोपं जातं.

लागणारी कागदपत्रं:

- घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा (नमुना ८) आणि घरपट्टीची शेवटची पावती
- वाडीसाठी सातबारा आणि आठ-अ
- आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. खातं आधारला जोडलेलं हवं, कारण मदत थेट खात्यात येते.
- जमीन किंवा घर सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र
- विमा असेल तर पॉलिसीची प्रत. विमा कंपनीला वेगळं कळवावं लागतं, सरकारी पंचनाम्याने ते आपोआप होत नाही.

यातलं संमतीपत्र कोकणात सगळ्यात जास्त अडतं. सातबारावर आजोबांचं नाव, खाली चुलते, आत्या, त्यांची मुलं, कुणी डोंबिवलीला तर कुणी बडोद्याला. वादळाच्या गडबडीत ही सगळी सही कुठून आणणार? म्हणून फोन लागताच पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळवा आणि कोणाच्या खात्यात मदत घ्यायची ते ठरवून टाका. वारस नोंद राहिली असेल तर ती वादळाची वाट न बघता आत्ताच करून घ्या.

अंशतः पडझडीला मदत मिळायची तर नुकसान निदान १५ टक्के असावं लागतं. त्यामुळे "थोडी कौलं गेली" असं मोघम सांगू नका. किती कौलं, किती पत्रे, किती वासे, किती फूट भिंत, हे आकड्यात सांगा आणि पंचनाम्यात तसंच उतरलंय का ते वाचून मगच सही करा. पंचनाम्याचा फोटो काढून ठेवा.

आता प्रश्न येतो की पंचनाम्याला उशीर झाला तर किती थांबायचं. पाऊस डोक्यावर असताना घर उघडं ठेवून कुणी थांबू नये. फोटो काढा, ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, शेजारच्या दोघांना साक्षीला दाखवा आणि कामाला लागा. फुटकी कौलं आणि पत्रे मात्र पंचनामा होईपर्यंत आवारातच, एका बाजूला रचून ठेवा.

३. आधी फक्त वाट मोकळी करा

पहिल्या दिवशी एवढंच पुरे: दारापर्यंतची वाट, विहिरीची वाट, संडासाची वाट आणि गोठ्याची वाट. गाडी रस्त्यापर्यंत येईल एवढी जागा झाली तर उत्तम, कारण आजारी माणूस न्यायची वेळ कधीही येते.

वाटेवरचं काही उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. कौलांच्या राशीत आणि पडलेल्या गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात) फुरसं, मण्यार, विंचू हमखास निघतात. साप चावला तर दोर आवळून बांधणं, चिरा देणं यातलं काहीही करू नका. माणसाला शांत ठेवा, चालवू नका, आणि थेट जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. विंचवाच्या बाबतीतही घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला तो इथलीच माणसं वाचवण्यासाठी. गंजलेला पत्रा किंवा खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी घ्या.

४. ढिगांच्या जागा आखून घ्या

वाट झाली की काम थांबवा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन अंगणात उभे राहा. कुठला ढीग कुठे ते ठरवा आणि जमिनीवर खुणा करा. मदतीला आलेला प्रत्येक जण हातातली वस्तू "कुठे टाकू?" असं विचारणारच आहे, त्याला खूण दिसली पाहिजे.

आम्ही ज्या जागा करतो त्या अशा: परत वापरायचं (धड कौलं, वासे, चिरे), भंगार, लाकूड, पालापाचोळा आणि झावळ्या, राडारोडा, सिमेंटचे पत्रे, आणि घातक वस्तूंची एक बंद जागा. घराच्या आतून निघालेलं भिजलेलं सामान यात मिसळू नका, ते पडवीतच वेगळं काढा.

जागा निवडताना चार गोष्टी टाळा. विहिरीजवळ नको. पागोळ्यांखाली नको. विजेच्या तारांखाली नको, कारण पुढे तिथे डंपर किंवा क्रेन येऊ शकत नाही. आणि पऱ्याच्या, व्हाळाच्या (ओढ्याच्या) किंवा गटाराच्या काठावर तर अजिबात नको. पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग प्रवाहात जाऊन रस्त्याखालच्या पुढच्या मोरीला बूच बसतं आणि पाणी खालच्या आळीतल्या घरांत शिरतं. आपलं अंगण स्वच्छ आणि शेजाऱ्याच्या माजघरात पाणी, असं व्हायला नको.

५. छप्पर

*मंगलोरी कौलं.* ही फेकण्याची वस्तू नाही. वादळानंतर कौलं मिळत नाहीत, मिळाली तर भाव चढलेला असतो. प्रत्येक कौल डाव्या हातात टांगतं धरून बोटाच्या पेराने टकटक वाजवा. खणखणीत वाजलं तर धड आहे. बद्द आवाज आला तर डोळ्यांना दिसत नसली तरी चीर आहे, ते छपरावर चढवलं तर पहिल्या सरीला गळणार. धड कौलं उभी, एकाला एक टेकवून रचा. आडवी थप्पी लावली तर खालची वजनाने जातात.

दुसरी गोष्ट मागच्या बाजूचा छाप. जुन्या घरांत वेगवेगळ्या काळात घातलेली कौलं असतात आणि प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर तिथे आणखी कितीतरी निघाले आणि ज्याने त्याने आपला शिक्का कौलावर उठवला. दोन शिक्क्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, खाच चुकते आणि तिथून पाणी येतं. म्हणून शिक्क्यानुसार थप्प्या करा. कौलारूचं (कौलं चढवणाऱ्या कारागिराचं) अर्धं काम वाचतं आणि मजुरीही. वादळानंतर कौलारू मिळणं म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्याला हे पटेल.

फुटकी कौलं भाजलेली मातीच आहे. पंचनामा झाल्यावर पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या), वाटेच्या किंवा जोत्याच्या भरावात बिनधास्त घाला.

*लोखंडी पत्रे.* कडा सुरीसारख्या असतात. वारा असताना एकट्याने उचलू नका, दोघांनी दोन टोकं धरा. उडालेल्या पत्र्यांवर लगेच दगड ठेवा, नाहीतर पुढच्या वाऱ्यात ते पुन्हा उडतात. कमी वाकलेले पत्रे ठोकून सरळ करता येतात, निदान गोठ्याला किंवा लाकडांवर झाकायला होतात.

आणि तुमच्या वाडीत सापडलेला प्रत्येक पत्रा तुमचा नसतो. निसर्गमध्ये पत्रे दोन-दोन वाड्या ओलांडून गेले. ओळख पटेपर्यंत ते वेगळे ठेवा आणि आळीत सांगा. ज्याचं घर उघडं पडलंय त्याच्यासाठी चार पत्रे म्हणजे आजची रात्र कोरडी.

*सिमेंटचे पत्रे.* या भागाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. करड्या रंगाचे, जाड, नागमोडी जुने पत्रे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे असतात. अखंड असतात तोवर धोका कमी. फुटले, घासले, कापले की त्यातून डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. त्याचे आजार लगेच होत नाहीत, कित्येक वर्षांनी दिसतात, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

काम असं करा: एन-९५ मास्क लावा. मुलांना आणि म्हाताऱ्यांना लांब पाठवा. तुकड्यांवर झारीने किंवा पंपाने पाणी शिंपडून पूर्ण ओले करा आणि काम संपेपर्यंत ओले ठेवा. तुकडे हाताने उचलून जाड प्लास्टिकवर ठेवा, गुंडाळा, चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरांत "सिमेंट पत्रे, फोडू नये" असं लिहा. बारीक चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकंही त्याच पुडक्यात घाला. त्या दिवसाचे कपडे वेगळे भिजवून धुवा.

हे पत्रे फोडून वाटेवर भर म्हणून घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडायला हवी. रोज त्यावरून पाय आणि गाड्या जाणार, उन्हाळ्यात धूळ उडणार आणि ती आपल्याच घरात येणार. आगीतही टाकू नका, तापले की ते धडाधड फुटतात आणि तुकडे अंगावर येतात. रायगडमध्ये घातक कचऱ्याची अधिकृत जागा तळोज्याला आहे, पण एकेकट्या घराला तिथवर पोहोचणं शक्य नाही. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, गावातले सगळे पत्रे एका ठिकाणी जमवा आणि ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदार व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागणी करा. वेळ लागतो. तोवर गुंडाळलेली पुडकी आडोशाला पडून राहिली तरी काही बिघडत नाही.

६. झाडं: आंबा, फणस, माड, पोफळी

पडलेलं झाड दिसतं तेवढं निपचित नसतं. फांद्यांवर टेकलेल्या खोडात ताण असतो आणि चुकीच्या ठिकाणी घाव घातला की खोड उसळून माणसाला फेकतं. उपटलेल्या मोठ्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा मातीसकट पुन्हा खड्ड्यात उभा राहतो, एका झटक्यात. त्या खड्ड्यात मुलं खेळायला उतरतात. त्यांना आधी बाहेर काढा. कापणी शेंड्याकडून, बारीक फांद्यांपासून सुरू करा. घरावर टेकलेलं किंवा तारेवर पडलेलं झाड जाणत्या कटरवाल्याचंच काम.

कापण्याआधी वाचवता येतं का पाहा. अर्धवट कलंडलेलं आंब्याचं कलम, ज्याची निम्मी मुळं अजून जमिनीत आहेत, ते उभं करता येतं. फांद्या छाटून वजन कमी करा, दोर लावून हळूहळू सरळ करा, आधार द्या, मुळांवर माती चढवा आणि छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. मुळं सुकण्याआधी, म्हणजे दोन-चार दिवसांत हे झालं पाहिजे. माड-पोफळीचं वेगळं आहे. त्यांना एकच कोंब असतो. शेंडा मोडला तर ते झाड पुन्हा फुटत नाही, जीव अडकवून ठेवू नका. माड नुसता कलला असेल आणि शेंडा हिरवा असेल तर मात्र कापू नका, तो वाकडा वाढून वर्षानुवर्षं नारळ देतो. काही शंका असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला किंवा आपल्या कृषी सहायकाला (आता त्यांचं पद सहाय्यक कृषी अधिकारी) विचारा.

लाकडाचं काय करायचं? सगळ्या गावाची झाडं एकाच दिवशी पडलेली असतात, त्यामुळे वखारवाला पडेल तो भाव सांगतो. फणसाचं लाकूड थांबू शकतं. सोलून, दगडांवर जमिनीपासून उचलून, झाकून ठेवा आणि भाव आल्यावर विका, किंवा घराच्या दारा-खिडक्यांना वापरा. आंब्याचं थांबत नाही. पावसात लगेच काळं पडतं आणि कीड लागते, ते आधी कापून फळ्या करा किंवा विकून टाका. साग, खैर असेल तर गाडीत भरण्याआधी वनखात्याच्या वनपालाला भेटा. वादळात पडलेलं असलं तरी वाहतुकीचा पास लागतो, आणि नाक्यावर गाडी अडली तर दंड भरायला तुम्हीच जाणार.

पोफळीची खोडं उभी चिरून कुंपणाला, मांडवाला, पाण्याच्या पन्हळीला होतात. माडाची जुनी खोडं साकवाला (ओढ्यावरच्या छोट्या पुलाला), खांबांना होतात. उरलेली मात्र वाडीत कुजत टाकू नका. कुजलेल्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि दोघेही नंतर उभ्या राहिलेल्या माडांवर चढतात. वादळातून वाचलेले माड त्याने पुढच्या दोन-तीन वर्षांत जातात. खोडाचे ओंडके करा, फोडा, वाळवा, चुलीला वापरा.

झावळ्यांचे झाप विणता आले तर तात्पुरतं छप्पर होतं. बाकीच्या झावळ्या आणि पालापाचोळा तुकडे करून झाडांच्या आळ्यात पसरा किंवा खत करा. फक्त प्लास्टिक आणि तारा निवडून काढा.

७. राडारोडा

अखंड चिरे साफ करून रचा, ते पुन्हा भिंतीत जातात. मोडके चिरे गडग्याला. मातीच्या भिंतीची माती अंगणात किंवा वाडीत परत. सिमेंटचं प्लास्टर, लादीचे तुकडे, विटा यांचा वेगळा ढीग ठेवा, त्यात लाकूड-प्लास्टिक नसेल तर भरावाला कुणीही मागून नेतं. रस्त्याच्या कडेला टाकू नका. वासे-रिपांमधले खिळे काढल्याशिवाय लाकूड रचू नका, सरपणाला हात घालणाऱ्या बाईचा हात त्यावर जातो.

८. घराच्या आतलं भिजलेलं

कागदपत्रं आधी. ओली पानं ओढून सुटी करू नका, आधी जसं आहे तसं फोटो काढा, मग सावलीत पंख्याखाली किंवा वाऱ्याला, मधे कोरडा कागद घालून सुकवा. उन्हात शाई उडते. आधार, सातबारा वगैरे पुन्हा मिळतात. जुनी खरेदीखतं आणि घरातले फोटो मात्र जपून हाताळा.

भिजलेलं धान्य-पीठ माणसांनाही नको आणि गुरांनाही नको. वरून सुकलं तरी आत बुरशी धरते. हे सांगणं कठीण आहे, कारण वर्षाचं भात कणगीत असतं आणि बायकांचा जीव तुटतो. पण त्याने गुरं आजारी पडतात. आधी फोटो आणि मोजणी, मग खड्ड्यात चुना घालून पुरा. घाण पाण्यात भिजलेल्या कापसाच्या गाद्या-उशा वाचत नाहीत. कपडे, भांडी वाचतात. लाकडी सामान सावलीत सुकू द्या, उन्हात तडकतं. बंद पडलेल्या फ्रिजमधलं नासलेलं आधी काढा, आणि फ्रिज बाहेर ठेवायचा असेल तर दार दोराने बांधा, लहान मूल आत जाऊ नये म्हणून.

पाण्यात उंदीर-घुशींचा वावर असतो. हाता-पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. सफाईनंतर काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "वादळानंतर चिखलात काम केलंय" हे आवर्जून सांगा. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) निदान त्यामुळे लवकर होतं.

९. घातक वस्तू

कीटकनाशकांचे डबे, रंग, थिनर, रॉकेल, जुनी औषधं, ट्यूबलाईट, सीएफएल, बॅटऱ्या. हे सगळं घराबाहेर, झाकलेल्या जागी, उंचावर. एकमेकांत ओतू नका, गटारात तर मुळीच नाही. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवा, ती बॅटरीवाला पैसे देऊन परत घेतो. फुटलेली काच पोत्यात नको, पत्र्याच्या डब्यात किंवा जाड खोक्यात भरा आणि वर "काच" लिहा. कचरा उचलणाऱ्याचा हात आपल्याच गावातल्या माणसाचा असतो.

१०. मेलेली जनावरं आणि विहीर

गाय, बैल, शेळी दगावली असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकाला कळवा. त्याच्या पंचनाम्याशिवाय मदत मिळत नाही. मग विहिरीपासून आणि पऱ्यापासून लांब, खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. कोंबड्यांनाही हेच.

विहिरीत झावळ्या, पत्रे, कधी उंदीर-मांजर पडलेलं असतं. गळ किंवा दोर टाकून वरूनच काढा. कुजलेला पाला साचलेल्या विहिरीत लगेच कुणी उतरू नये, तळाशी हवा विषारी होते. पाणी उपसून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ब्लीचिंग पावडर टाकून घ्या. पाणी तपासून झाल्याशिवाय उकळूनच प्या.

११. कोण काय नेतं

*भंगारवाला:* लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, जाड प्लास्टिक. धातू वेगवेगळे करून ठेवले तर भाव वेगळा मिळतो, एकत्र दिले तर सगळं लोखंडाच्या भावात जातं. वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. वादळानंतर अनोळखी टेम्पो गावात फिरू लागतात आणि अडचणीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून तांब्याचे हंडे, घंगाळी किरकोळीत उचलतात. घरात ते एकटे असतील तर त्यांच्यासोबत उभे राहा.

पडलेल्या विजेच्या तारा आणि खांब महावितरणच्या मालकीचे आहेत. ते विकणं गुन्हा आहे, आणि तुमच्या वाडीत पडले म्हणून तुमचे होत नाहीत.

*ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत:* निवडलेला सुका कचरा, रस्त्यावरची झाडं. तोंडी सांगून भागत नाही. चार-पाच घरांच्या सह्यांचा एक अर्ज द्या आणि पोच घ्या.

*कुणीच नेत नाही:* भिजलेल्या गाद्या, थर्माकोल, फाटक्या ताडपत्र्या. या पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा आणि ग्रामपंचायतीची गाडी ठरली की त्या दिवशी द्या. जाळू नका. प्लास्टिकचा आणि रंगवलेल्या लाकडाचा धूर आळीतल्या लहान मुलांच्या छातीत जातो, आणि उघड्यावर कचरा जाळायला बंदीही आहे.

बंद घर असलेल्यांसाठी

तुम्ही मुंबईत आणि घर गावाला असेल तर तिथल्या माणसाला फोनवर "बघ जरा" म्हणून मोकळं होऊ नका. पसारा काढायची, लाकूड विकायची, पंचनाम्याला हजर राहायची परवानगी व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहून पाठवा. कुठलं सामान फेकायचं नाही त्याची यादी द्या. निसर्गच्या वेळी लॉकडाऊनमुळे चाकरमानी गावी येऊ शकले नाहीत आणि देवघरातल्या वस्तू, जुनी कपाटं यांवरून नंतर भावकीत वाईटपणा आला. मजुरीचे पैसे आधी पाठवा. आणि घरपट्टीची पावती, उतारा, आधारची प्रत यांचे फोटो गावातल्या त्या माणसाच्या मोबाईलमध्ये मे महिना उजाडण्याआधीच असू द्या, कारण वादळानंतर कित्येक दिवस नेटवर्क नसतं.